कोट परत करण्याचा प्रसंग

आमच्या घरातली सगळ्यांत जाड वस्तू म्हणजे एक कादंबरी. बाबा दातांच्या कवळ्या बनवतात. त्यांच्या टेबलावरच्या फळीवर, प्लास्टरच्या जबड्यांशेजारी, ती वर्षानुवर्षं उभी आहे. तिच्यामुळे आईबाबांचं लग्न जमलं, हे मी कळायला लागल्यापासून ऐकत आलेय.

ओळखीच्यांच्या घरी पहिली भेट झाली, पण दोघांनाही बोलायला काही सुचेना. कपाटात ही जगप्रसिद्ध कादंबरी दिसली. "वाचलीय?" बाबांनी विचारलं. "हो तर," आई म्हणाली. मग बाबांनी त्या प्रसंगाचा विषय काढला. नायिका नायकाचा कोट परत करायला येते, तुटलेलं बटण स्वतः लावून. तो दार उघडतो आणि म्हणतो, "कोट राहू दे, तू आत ये." आई म्हणाली, "तिथे तर मला रडूच आलं होतं." झालं, जमलं! लग्नात त्या ओळखीच्यांनी तीच प्रत भेट दिली.

गेल्या महिन्यात जिन्यावरून पडून माझा पाय प्लास्टरमध्ये गेला. फोन बघून कंटाळले, तेव्हा मी कादंबरी मागून घेतली. मला फक्त तो कोट बघायचा होता. पानांमागून पानं उलटली, कोट काही येईना. सगळी कथा घडते रणरणत्या उन्हाच्या बेटावर, तिथे कोट घालणार कोण? त्यात अर्धी कादंबरी उरलेली असतानाच नायिका तापाने मरते. तरी मी चिकाटीने शेवट गाठला. कोट नव्हताच.

म्हणजे बाबांनी चक्क थाप मारली होती, आणि जो प्रसंग पुस्तकात नाहीच त्यावर आई रडली होती! मला हसू आवरेना. मग एकदम आठवलं, आईला खोटं अजिबात खपत नाही. एका थापेपायी ती सख्ख्या भावाशी, म्हणजे माझ्या मामाशी, चार वर्षं बोलली नव्हती.

नेमकं त्याच दिवशी तिने जेवताना जाहीर केलं, "पोरीने वाचली, आता आपणही रोज थोडी मोठ्याने वाचू या. पुन्हा."

"पुन्हा ना? हो हो, पुन्हा," बाबा म्हणाले आणि घटाघटा पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी आई माझी उशी नीट करता करता कुजबुजली, "काय गं, तो कोटाचा प्रसंग फार छान आहे का? मी कुठली वाचायला! बाबांना बोलू नकोस हं."

संध्याकाळी बाबा एक कवळी घासत घासत आले. "ते कोटाचं... आहे ना गं पुस्तकात? मी आपलं तेव्हा मनानेच ठोकून दिलं होतं. पण तुझी आई रडली, म्हणजे असणारच."

"वाचा की, कळेल," मी दोघांनाही म्हटलं. खरं सांगायचा धीरच होईना.

वाचन सुरू झालं. चष्म्याशिवाय बाबांना दाढ आणि सुळा सारखेच, त्यामुळे तो नाकावर घट्ट बसवून ते वाचायचे आणि आई उसवलेले कपडे शिवत ऐकायची. गंमत म्हणजे दोघंही चांगलेच रमले. नायिकेला ताप चढू लागला तशी माझीच झोप उडाली. "आज राहू दे," मी म्हणून पाहिलं. कोण ऐकतंय!

ती मेली.

"मेली?" आई ओरडली. "अहो, मग कोट कोण आणून देणार?"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. जिने ही कादंबरी रडत वाचली होती, तिला नायिका मरते हेच माहीत नव्हतं. आणि ज्यांनी कोटाची गोष्ट सांगितली, ते पुस्तकातून मान वर काढेनात. दोघांचंही पितळ एकदमच उघडं पडलं. आईने सुई खाली ठेवली. आता मामाचं झालं तेच बाबांचं होणार, याची मला खात्रीच पटली.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, पान उलटलं आणि वाचायला लागले. "पण ती मेली नव्हती. ताप उतरल्यावर ती उठली. खुंटीवर त्याचा कोट होता, बटण तुटलेला..." तिने दोरा कसा ओवला, दारापाशी येऊन किती वेळ नुसतीच उभी राहिली, सगळं त्यांनी सावकाश, न अडखळता वाचलं. "तो म्हणाला, कोट राहू दे, तू आत ये."

आई एकटक त्यांच्या कपाळावरच्या चष्म्याकडे बघत होती. मग तिने मांडीवरच्या त्यांच्या सदऱ्याने डोळे पुसले.

"इथेच," ती म्हणाली. "इथेच मला रडू आलं होतं."