उंबऱ्यावरचे तेल

हिवाळ्यातला उजेड आमच्या घरात एकदम शिरत नाही. आधी दाराचा कागद काळ्याचा राखाडी होतो. मग त्या राखाडीतून दाराच्या बारीक लाकडी चौकटी एकेक करून उमटू लागतात, जणू पलीकडे उभे राहून कुणीतरी त्या सावकाश आखत आहे. थोड्या वेळाने कागदाला भाताच्या पेजेचा रंग येतो. बाहेर रचून ठेवलेल्या माठांच्या गोल सावल्या त्यावर उमटतात, हलत नाहीत, आणि पुसट होत जातात. शेवटी फटीतून एक फिकट पट्टी आत उतरते. पिढ्यान्‌पिढ्या तेल पिऊन मधासारख्या पिवळ्या झालेल्या जमिनीवरून ती सरकत सरकत चुलीकडच्या उबदार कोपऱ्यापर्यंत जाते. तिथे एक रिकामे आसन मांडलेले असते. त्याच्या कडेपाशी ती थांबते. आसनावर चढताना मी तिला कधीच पाहिलेले नाही. समोर कुणी बसले असावे आणि त्याच्या गुडघ्यांनी तिची वाट अडवली असावी, तशी ती थांबते.

मित्रांनो, दाराशेजारच्या कोनाड्यातून मी हे पाहत आलो आहे. मी तेलाचा एक जुना बुधला आहे. मातीचा, ओंजळीत मावेल एवढ्या पोटाचा, आणि जरा वाकड्या मानेचा.

मला चाकावर घडवले ते चोई दलसू याने. माझी मान मात्र त्याच्या मुलाने, बोंगगिलने ओढली. त्याचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते आणि लक्ष अंगणात धुणे वाळत घालणाऱ्या बायकोकडे, ओकबुनकडे होते.

"मान बघ कशी केलीस," दलसू म्हणाला. "अगदी तुझ्या डाव्या पायाच्या करंगळीसारखी. वाकडी."

"मग बरंच झालं की, बाबा. बाजारात हरवला तरी कुणाचा आहे ते कळेल."

ओला अंगठा त्याने माझ्या गळ्यावर टेकवला आणि मग मला भट्टीकडे नेले. तो ठसा अजून आहे. डोंगराच्या चढावर लांबच लांब पसरलेल्या त्या भट्टीत मी तापलो, राखेचा तकाकता रंग अंगावर घेऊन बाहेर आलो आणि या कोनाड्यात बसलो.

माझ्या पोटात तिळाचे तेल असे. ते कधी सणाच्या पालेभाजीत पडले, कधी ओकबुनच्या केसांना लागले, कधी जमिनीवर चिकटवलेल्या जाड कागदात मुरले. "याच्यातलं तेल खवट होत नाही," असे बोंगगिलची आई शेजारणींना सांगे, तेव्हा मला फार बरे वाटे. पण माझा खरा मान नाताळाआधीच्या आगमनकाळात. आमचे सगळे गाव ख्रिस्ती कुंभारांचे. त्या दिवसांत पहाटे घरातल्या वडीलधाऱ्याने तेलाचे एक बोट उंबऱ्याच्या दगडावर फिरवायचे, ही गावची जुनी रीत. येणाऱ्याला आपल्या तेलाची ओळख पटावी म्हणून. उबेच्या जागेवरचे आसनही त्याचेच. त्यावर घरातले कुणी बसत नसे, कितीही थंडी असली तरी.

मग लढाई आली. दुसऱ्या हिवाळ्यात एके सकाळी डोंगरावरून गोळ्यांचे आवाज आले. गोळ्या कोणत्या बाजूच्या, हे गावाने कधी विचारले नाही. दलसू धावत घरात आला, मला उचलून त्याने कोटाच्या आत धरले आणि भट्टीमागच्या पाइनच्या झाडांत नेले. तिथे बोंगगिल बर्फावर आडवा होता. फादर दूर शहरात होते. त्यांना बोलावण्याची सोय नव्हती, आणि आता गरजही नव्हती. दलसूने बर्फाने मुलाचे पाय पुसले. मग मला तिरपे केले. माझ्यातले तेल त्या कपाळावर पडले आणि पसरलेच नाही. पडले तिथेच घट्ट होऊन राहिले. कपाळ इतके थंड होते. मग दलसूने एकट्यानेच त्याला तिथे मातीआड केले.

घरी आल्यावर दलसूच्या आजारी बायकोने अंथरुणातून विचारले, "पोरगा कुठाय?"

"डोंगरापलीकडं गेला," दलसू म्हणाला. "लपायला. येईल."

त्या एका दिवसापुरते ते सांगणे होते, असे मला वाटते. पण बायको ते ऐकून उठून बसली, चार घास जेवली. आणि दुसऱ्या दिवशी ते परत घेणे त्याला जमले नाही. ती वाट पाहतच वारली. ओकबुन वाट पाहत राहिली. आणि मित्रांनो, सगळ्यांत विचित्र गोष्ट ही की हळूहळू दलसूसुद्धा वाट पाहू लागला.

कारण पुढच्याच आगमनकाळात उंबऱ्यावर ते उमटले.

मी जागाच असतो. मला पापण्या नाहीत. तरी ते उमटताना मी पाहिलेले नाही. दगड नुसता ओला दिसे, आणि उजेड पेजेच्या रंगाचा झाला की त्याच तेलात एका अनवाणी पावलाचा ठसा असे. आत येणाऱ्या पावलाचा. बाहेर जाणारा कधीच नाही. कुत्रे भुंकत नसे, दार वाजत नसे. आसनाची घडी मात्र मध्यभागी दबलेली असे आणि माझ्यातले तेल, दलसूने बोटावर घेतले असेल त्याहून जरा अधिक, कमी झालेले.

"बघ, सूनबाई," दलसू कुजबुजला होता. "डावं पाऊल. आपलाच आहे. अजून भितोय म्हणून तोंड दाखवत नाही."

ओकबुनने खाली वाकून पाहिले नाही. तिने बाहीने डोळे पुसले आणि भात चढवायला गेली.

वर्षे गेली. बाजारातून काचेच्या बाटल्या आल्या, आणि आगमनकाळ सोडला तर माझ्याकडे कुणी बघेनासे झाले. कोळ्याने माझ्या मानेवरून जाळे ओढले. ओकबुनच्या केसांत रुपेरी तार दिसू लागली. आसन तेवढे दरवर्षी नव्या कापडाचे होई.

यंदा किमची, म्हणजे हिवाळ्यासाठीचे कोबीचे तिखट लोणचे, घालायच्या दिवशी अंगणात कोबीचे ढीग पडले होते. शेजारीण मालसुन कोपरापर्यंत लाल मसाल्यात बुडालेली होती आणि तिचे तोंड हातांपेक्षा जोरात चालत होते.

"खालच्या भट्टीवरचा तो विधुर परत विचारत होता गं. लेक आहे लहान. केसांची वेणी घालायला घरात कुणी नाही. पोरगी अशी फिरते, जणू काही कावळ्याचं घरटं."

"मी लग्नाची बाई आहे, ताई."

"कुणाच्या लग्नाची? त्या आसनाच्या?" मालसुन म्हणाली, आणि लगेच, खालच्या आवाजात, "चुकलं माझं. मीठ दे इकडं."

ओकबुनने मीठ दिले. पण मग तिने बराच वेळ एकच पान धरून ठेवले. "वेणी घालायला कुणीच नाही का तिला?" तिने विचारले.

हे ऐकत गावचे धर्मशिक्षक यून दाराशी उभे होते. म्हातारे, दम्याचे, थट्टेखोर. आत येऊन ते दलसूजवळ बसले.

"नाताळाआधी फादर येतायत. लग्नं लावतील. पण नवरा गेल्याचं कुणीतरी शपथेवर सांगितल्याशिवाय हिचं लागणार नाही. तुला काही ठाऊक असेल तर सांग, दलसू."

"मला काय ठाऊक असणार, दादा?"

"बरं. मग प्रश्नोत्तरं म्हण. फादर परीक्षा घेतल्याशिवाय सोडणार नाहीत. ख्रिस्त हे येशूचं नाव आहे का?"

"नाव नाही. पदवी आहे."

"अर्थ?"

सगळी प्रश्नोत्तरे दलसूला मुखोद्गत होती, पण दरवर्षी तो इथेच अडकत असे.

"अरे, सोपं आहे," यून म्हणाले. "राजाला गादीवर बसवताना डोक्यावर तेल ओतायचे. याजकाला, संदेष्ट्याला तसंच. ख्रिस्त म्हणजे तो अभिषेक झालेला. ज्याची वाट बघायची, असा एकच. आपल्याही कपाळाला बाप्तिस्म्यात त्याच तेलाचं बोट लागतं. म्हणून तर आपण त्याचे. पण ते आसन त्या एकट्याचं, दलसू. तिथं तू भलत्यालाच बसवलंयस."

दलसू उठून भट्टीकडे निघून गेला.

मित्रांनो, माझे सांगणे थोडेच आहे. वस्तू जपा, म्हणजे त्या तुमचे दुःखही जपतात. पण ज्याच्यासाठी जागा राखली, त्याच्याच नावाने ती राखा. त्या जागेवर मेलेल्याला बसवले की येणाराही उपरा होतो आणि घरातली जिवंत माणसेही. हे मला सांगता येत नव्हते. माझे तोंड अरुंद आहे, आणि त्यातून फक्त तेल बाहेर येते.

फादर आले त्या सकाळीही दलसूने उंबऱ्यावर बोट फिरवले. उजेड आला. ठसा होता. या वेळी मात्र ओकबुन खाली बसली आणि दगडाजवळ तोंड नेऊन पाहत राहिली. आपल्या श्वासाने तो पुसला जाईल की काय, अशा भीतीने तिने श्वास रोखला होता.

"मामंजी," ती म्हणाली, "याची करंगळी सरळ आहे."

दलसूने तेलाचे बोट कोटाला पुसले.

"दरवर्षी सरळच होती का?"

"भात लाव. फादरांना उशीर होईल," तो म्हणाला. पण त्याचा आवाज माझ्या रिकाम्या पोटातून यावा तसा आला.

गाव आमच्याच मोठ्या खोलीत जमले. गुडघ्याला गुडघा लावून माणसे बसली, लेकुरवाळ्या दारात दाटीने उभ्या राहिल्या. उबेच्या जागेवरचे आसन तेवढे मोकळे होते. फादर तरुण होते, वाटेतल्या थंडीने त्यांचा घसा बसला होता. मालसुनने एक उत्तर भलतेच दिले आणि सगळे हसले, तेही हसले. मग वयाच्या क्रमाने दलसूची पाळी आली. ओकबुन दाराजवळ, माझ्या कोनाड्याखाली उभी होती.

"ख्रिस्त हे नाव आहे का, आजोबा?"

"नाव नाही, फादर. पदवी आहे."

"तिचा अर्थ?"

उजेडाची पट्टी जमिनीवरून सरकत आली आणि आसनाच्या कडेपाशी थांबली. दलसू तिच्याकडे पाहत होता. मग त्याने वर, माझ्याकडे पाहिले; माझ्या गळ्यावरच्या त्या अंगठ्याकडे.

"ज्याला तेल लावलं, तो," तो म्हणाला. "ज्याची वाट बघायची, तो. येणारा. पण मी ते तेल दुसऱ्या कपाळाला लावलं, फादर."

यून यांचा दमा थांबल्यासारखा वाटला.

"कुणाच्या, आजोबा?"

दलसू फादरांकडे वळला नाही. तो सुनेकडे वळला.

"भट्टीमागं, पाइनच्या खाली आहे तो, पोरी. पहिल्या दिवसापासून तिथंच आहे. बोंगगिल मेला आहे."