त्रिनेत्राने ओळखलेला गजानन

शाळेच्या हॉलमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. चंदीगडच्या आसपासचे, पंचकुल्यापासून खरडपर्यंतचे आईबाप पोरं घेऊन आले होते. स्टेजवर एक खुर्ची, तिच्यावर लुकलुकत्या दिव्यांची टोपी, टोपीला लांब वायर आणि मागे हा एवढा पडदा. पोरानं टोपी घातली की पडद्यावर अक्षरं धावायची आणि मशीनमधली गोड आवाजाची बाई सांगायची, "यह बालक डॉक्टर बनेगा." टाळ्या! एका आजोबांनी तर टोपीला हात जोडले.

"यह त्रिनेत्र है जी, त्रिनेत्र!" टोपीचे मालक विक्रांत सर कोट सावरत ओरडत होते. "एआय! बच्चे का दिमाग ऐसे पढ़ता है जैसे आप अखबार! आदमी झूठ बोले, मशीन कभी नहीं!"

आमच्या साताऱ्याकडे जत्रेत दंतमंजन विकणारे अस्सेच ओरडतात. फक्त कोट नसतो.

मी तिसरीपर्यंत शिकलेली. मुलगा जयंत हवाई दलात, म्हणून आम्ही चंदीगडात. मला या तमाशाशी काही घेणंदेणं नव्हतं. पण गेल्या आठवड्यात ही टोपी माझ्या नातीच्या, कादंबरीच्या डोक्यावर चढली आणि मशीन बोललं, "गणित में कमज़ोर. हाथ का काम अच्छा. मेथी साफ़ करने में निपुण." झालं! प्रिन्सिपल बाईंनी नववीसाठी तिला साध्या गणिताच्या तुकडीत टाकलं. यादी सोमवारी लागणार होती. पोरीला विमान उडवायचंय, सहामाहीत गणितात शंभरात शहाण्णव आहेत, आणि आता म्हणते कशी, "आजी, मशीन ने बोला है तो सच ही होगा ना?" तीन दिवस ती धड जेवली नव्हती.

मी मात्र मेथीपाशी अडले. डोक्यात मेथी कशी दिसली याला?

"मेघना," मी सुनेला विचारलं, "टोपीआधी काही लिहून घेतात का गं?"

"फॉर्म घेतात ना, आई. मुलाची माहिती." ती घुटमळली. "तुम्हीच सांगितलं होतंत. परक्यांपुढे पोरीचं कौतुक करू नये, दृष्ट लागते. गणितात कच्ची आहे लिही, मेथी छान निवडते लिही. मी तेच लिहिलं."

म्हणजे मशीनच्या तोंडी माझेच शब्द होते.

म्हणून आज शनिवारी मी अपनी मंडीतून, म्हणजे इथल्या भाजीबाजारातून, पिशवीसकट थेट हॉलमध्ये आले होते. बरोबर आलेल्या कादंबरीनं नवा फॉर्म भरून दिला होता.

"हमारा गजानन बहुत लाजता है," मी विक्रांत सरांना म्हटलं. "लोगों के सामने नहीं बैठेगा. नजर लगती है. बाजू के पडदे के पीछे बिठाती मैं उसको."

"बिलकुल, माताजी! नज़र तो लगती ही है." त्यांनी टोपी मला दिली, फॉर्म स्वतः घेतला आणि लॅपटॉपवर बोटं नाचवली.

बाई बोलली, "गजानन, उम्र तेरह. गणित में असाधारण. क्रिकेट का शौकीन. यह बालक इंजीनियर बनेगा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी बाजूचा पडदा ओढला.

स्टुलावर टोपी घालून फ्लॉवर बसला होता. दीड किलोचा, पानांसकट.

"ओये, यह तो गोभी है!" पुढच्या रांगेतले सरदारजी ओरडले.

"हां जी. आपका इंजीनियर."

हॉल हसून हसून लोळला. "सेन्सर में नमी..." विक्रांत सर पुटपुटले. तोवर कादंबरी वायर धरून तिच्या टोकापर्यंत गेली होती. खुर्चीखाली डबा, डब्यात दोन सेल. बस. "मॅम, यह तार लैपटॉप तक जाती ही नहीं. सिर्फ़ लाइट जलती है." मग तिनं लॅपटॉपवर प्रश्न टाकला: तुमने गजानन को देखा था?

त्याच गोड आवाजात उत्तर आलं, "नहीं. मुझे केवल फ़ॉर्म दिया गया था. उसी से मैंने लिखा. मैं किसी का दिमाग नहीं पढ़ सकती."

मशीन बिचारं सरळ निघालं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

प्रिन्सिपल बाई उठल्या, लाल झाल्या आणि म्हणाल्या, "लिस्ट परीक्षा के नंबरों से बनेगी." विक्रांत सर टोपी तिथेच टाकून मागच्या दारानं गेले.

मला गप्प बसता आलं असतं. पण मी माईक घेतला आणि जमेल त्या हिंदीत सांगितलं: "टोपी या ठगाची होती, पण माझ्या नातीला कच्ची मी लिहायला लावलं. दृष्टीच्या भीतीनं. त्याचं ढोंग आणि माझं खूळ, दोघांनी मिळून पोरीचं वर्ष खाल्लं असतं. मशीनला खुशाल विचारा, माझी नात रोज विचारते. पण ते जे सांगेल त्यावर एक प्रश्न आणखी विचारा, तुला हे कळलं कुठून? बुवा-बाबाला विचारा, मास्तरांना विचारा, घरातल्या म्हातारीलाही विचारा. उत्तर देता येईना तर हात जोडू नका, खुर्चीखालचा डबा उघडा."

दारात एका बाईनं थांबवलं. "आंटीजी, आपकी पोती पढ़ाई में कैसी है?"

सवयीनं जीभ 'बस, ठीक है' म्हणायला वळली. मी ती आवरली.

"गणित में छियानवे," मी हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं.

कादंबरीनं चमकून माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी तिनं दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. गजाननाची भाजीही चांगली झाली होती.