देव्हाऱ्यातलं बेलपानाचं कार्ड

मी बोलतोय, पण ऐकतंय कोण? मी बेलाच्या पानाचं एक शुभेच्छा कार्ड. सध्या मुक्काम सेलू, सिद्धम्माचा देव्हारा. कपाळावर विभूती, अंगावर रोजचा ताजा बेल. माझा थाट बघून कुणालाही हेवा वाटेल. मला मात्र रडू येतं.

माझा जन्म पूर्णा गावचा. रेल्वे क्वार्टरमध्ये राहणारी रुद्राणी घरबसल्या कार्डं करून विकते. जाड कागदाची घडी, वर वाळवलेलं खरं पान आणि पाठीमागे त्या झाडाची गोष्ट. आपट्याचं कार्ड दसऱ्याला खपतं, दूर्वांचं गणपतीत. लोक वरचं पान पाहून "किती छान!" म्हणतात आणि न वाचताच पुढं देऊन टाकतात. ही सवय मला तेव्हाच खटकली होती. ती माझ्याच मुळावर येईल असं वाटलं नव्हतं.

मी विकायचा नव्हतो. माझ्यासाठी तिनं रविवारीच बेल तोडून आणला, कारण सोमवारी बेल तोडायचा नाही ही तिच्या आईची, सिद्धम्माची शिकवण. मनासारखं लग्न केलं म्हणून रुद्राणीचं माहेर तुटलं, पण शिकवण काही सुटली नाही. माझ्या पाठीवर तिनं शिकाऱ्याची गोष्ट लिहिली. बेलाच्या झाडावर बसून तो सहज पानं तोडून खाली टाकत राहिला. खाली पिंड आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं, तरी ती पूजा महादेवाला पोचली. आणि आत, माझ्या पोटात, तिनं लिहिलं:

"आई, मला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण तुझ्या हातानं व्हावं असं लय वाटायलंय. तू न्यायला ये. न्हाई आलीस तर समजेन, मी तुझी कुणी न्हाई. पुन्हा इचारणार न्हाई."

पान चुरगळू नये म्हणून तिनं मला लाल दोरा गुंडाळला आणि घट्ट गाठ मारली. त्या गाठीनंच घात केला.

माहेरचा फोन रुद्राणीच्या वडिलांच्या, भीमाशंकरांच्या खिशात असतो. लेकीचा आवाज आला की ते कट करतात. म्हणून मी कमलबाईच्या पिशवीतून निघालो. ही सिद्धम्माची शेजारीण, एका लग्नासाठी पूर्णेला आली होती; माझ्या आत काय लिहिलंय ते तिला ठाऊक नव्हतं. आम्ही पोचलो तर भीमाशंकर समोरच बसलेले. कमलबाईनं मला पदराआडून सरकवलं, "रुद्राणीनं दिलंय. पोटुशी हाय पोरगी," एवढं पुटपुटली आणि सटकली.

सिद्धम्मानं मला पाहिलं. बेलाचं पान, लाल दोरा, गाठ. तिचे डोळे भरून आले. "माय गं! मठात पूजा करून पाठवलंय पोरीनं."

पूजा होऊन आलेल्या वस्तूची गाठ सोडायची नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज. तिनं मला डोळ्यांना लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. अगं, सोड ती गाठ! मी आतल्या आत किती ओरडलो. पण कागदाचं ओरडणं कुणाला ऐकू जाणार?

रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा झाली की ती माझ्यापुढं हात जोडते. "पोरीला सुखरूप ठेव. रागात हाय ती. बोलावल्याबिगर कोणत्या तोंडानं जाऊ? एका शब्दानं बोलाव म्हणावं तिला. ह्यांना न इचारता निघते."

तो शब्द माझ्याच पोटात होता. दुपारी माझ्यासमोर बसून ती जुन्या पातळांची दुपटी शिवायची, कुंचीला लेस लावायची. मी बघत राहायचो. दुसरं काय करणार?

परवा भीमाशंकर दुकानात गेल्यावर कमलबाई आली. "लेक झाली रुद्राणीला. दवाखान्यात जवळ बाईमाणूस कुणीच नव्हतं म्हणे. पण दोघी बऱ्या हायेत."

सिद्धम्मानं शिवलेलं गाठोडं पुढं ओढलं. दुपट्यांवरून हात फिरवत म्हणाली, "बोलवायचं तरी, कमलबाई. इतका राग?"

"तुझं नाव काढलं की ती बी गपच बसायलीय."

कमलबाई गेली. सिद्धम्मा माझ्याजवळ आली, तिनं मला उचललं. तिची बोटं गाठीवर आली आणि मला वाटलं, सुटलो! "दोघींना राखलंस रे महादेवा," ती म्हणाली. मग कोनाड्यातून नवा लाल दोरा काढला, मला गुंडाळला आणि नवस फेडल्यासारखी दुसरी गाठ मारली.

शिकाऱ्याची नकळत झालेली पूजा देवाला पोचली. मी तर हातोहात दिलेला, तरी आईला पोचलो नाही.

तुम्हाला कुणी पान पाठवलं तर खुशाल डोक्याला लावा, पण एकदा उघडूनही बघा. आणि सेलूकडे जाणं झालंच, तर सिद्धम्माला माझं एवढं सांगा: मी देव नाही, तुझ्या लेकीचं बोलावणं आहे. फक्त जरा लवकर सांगा. दुपटी लहानच शिवली आहेत आणि बाळ काही थांबत नाही.