दुहेरी टीप

मित्रांनो, प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत कधी डोकावलात, तर आधी एक मोडकी शिडी दिसेल. तिच्याखाली गुंडाळून ठेवलेले पडदे, पडद्यांखाली तीन पायांचा एक बाक. त्या सगळ्या पसाऱ्याच्या तळाशी जे काळपट लाकूड दिसतं, ती मी. मी एक जुनी पायपेटी आहे. पायांनी भात्यात वारा भरायचा आणि हातांनी पट्ट्या दाबायच्या, अशी माझी जात. आता माझ्यात वारा राहत नाही, म्हणून मला कुणी वाजवत नाही. माझी गोष्ट फार मोठी नाही, पण ती सांगितल्याशिवाय सरपणात जायचं माझ्या जिवावर आलं आहे.

माझा जन्म एका पेटीवाल्याच्या घरी झाला. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, तिच्यात लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास. पेटीवाला माझ्या सूर देणाऱ्या पितळी जिभा एकेक करून कानाशी धरायचा, कानशीने केसभर घासायचा आणि पुन्हा कानाशी धरायचा. भाता मात्र त्याच्या बायकोने केला. कातडं सरसाने चिकटवून ती अंगठ्याने दाबत बसायची. तिच्या अंगठ्याचा ठसा आजही माझ्या आत आहे. नव्या सुनेला शिकवताना ती म्हणाली होती, "ह्याला सुई लावायची नाही हो पोरी. एक भोक पडलं की वारा तिथूनच पळतो. फाटलं तर वरून दुसरं कातडं चिकटवायचं, बास." ते वाक्य मी जन्मभर लक्षात ठेवलं. पण आम्हा पेट्यांचं दुर्दैव असं की आम्हांला जे ठाऊक असतं ते आम्हांला सांगता येत नाही. आम्ही दुसऱ्याच्या हातांनीच बोलतो.

मग मी ह्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात आले. सुरुवातीला मला दोघातिघांनी वाजवून पाहिलं. त्यांची बोटं चांगली होती, पण पाय लटके. दोन कडवी झाली की धाप लागायची, त्यांना आणि मलाही. मग एका रविवारी शिवणवाल्या बाई येऊन बसल्या. नुकतेच त्यांचे यजमान वारले होते. घरात एक शिवणयंत्र होतं आणि पोटासाठी त्या दिवसभर त्यावर पाय मारायच्या. ते पाय माझ्या पॅडलवर पडले मात्र, मला कळलं की आपलं माणूस आलं. ना घाई, ना धाप. भाता असा भरायचा, जसं झोपलेल्या लेकराचं पोट वरखाली होतं.

त्यांचे दीर मंदिराची देखभाल करायचे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असल्यामुळे सगळे त्यांना किल्लीभाऊ म्हणायचे. दीर-भावजयींची थट्टा चालायची ती माझ्यासमोरच.

"वहिनी, घरी यंत्र, इथे पेटी. तुमच्या पायांना रविवार कधी?"

"भाऊजी, पायांचं काय विचारता? देवाने मला गळा बेताचा दिला, शिक्षण बेताचं दिलं. द्यायला माझ्याकडे हे दोन पायच आहेत. ते तरी पुरते देऊ द्या."

"आणि गिऱ्हाइकाला काय देता? उरलेले पाय?"

"गिऱ्हाइकाची शिवण उसवली तर ते भांडायला परत येतं. देव काही भांडायला येत नाही. म्हणून त्याच्या कामाला मी दुहेरी टीप मारते."

ही त्यांची जुनी सवय होती, मित्रांनो. वेदीचं कापड असो, आजाऱ्याच्या घरी फुकट शिवून दिलेला सदरा असो, की अनाथ मुलीचा झगा. जे देवासाठी म्हणून शिवलं त्यावर टिपेच्या शेजारून दुसरी टीप. त्यांच्या हातचं असं कापड विरायचं, पण उसवायचं नाही.

आमचे पाळकसाहेब, म्हणजे मंदिराचे धर्मगुरू, उपदेश गाऊन सांगायचे. एक ओळ गायची, मग तिचा अर्थ बोलायचा, मग डावा हात जरासा उचलायचा. हात उचलला की बाई खालचा सूर हलकेच भरायच्या आणि पाळकसाहेब पुढची ओळ उचलायचे. 'दे रे मना, सारे दे, मागे काही ठेवू नको,' ही त्यांची आवडती ओळ. ती गाताना मागच्या बाकावरचे डुलक्या घेणारे आजोबासुद्धा ताठ बसायचे. त्या दिवसांत मला वाटायचं, माझ्यातून जाणारा वारा वरपर्यंत पोचतो.

मग माझी एक जीभ मुकी झाली. मधल्या पट्ट्यांतली एक पांढरी पट्टी. गंज चढला असेल. पेटीवाला केव्हाच वारला होता आणि त्याच्या मुलांनी दुसरा धंदा धरला होता. बाईंनी दोन रविवार ती पट्टी दाबून पाहिली. तिसऱ्या रविवारी त्यांनी काय करावं? तो सूर आला की त्या स्वतःच्या गळ्याने तो भरू लागल्या. एरवी त्या पुटपुटल्यासारख्या गायच्या, पण त्या एका ठिकाणी खणखणीत. आता सूर कुठल्या शब्दावर यावा हे काही त्यांच्या हातात नव्हतं. कधी तो 'तारण' ह्या शब्दावर यायचा, कधी नुसत्या 'म्हणून'वर. मंडळीत कुजबुज सुरू झाली. एक काकू दुसरीला म्हणाली, "बाई फार भक्तीत गेल्यात गं. पण 'म्हणून'ला एवढं भरून येण्यासारखं काय असतं, ते मला समजत नाही."

शेवटी बाईंनी पाळकसाहेबांना खरं सांगून टाकलं. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. पुढच्या रविवारी त्यांनी त्यावरच उपदेश गायला. म्हणाले, "पूर्ण मनाने देवाची सेवा म्हणजे बिनतक्रार चालणारं, न मोडलेलं मन नव्हे. मोडलेलं तर आपलं सगळ्यांचंच आहे. जिथे तुमची वस्तू कमी पडते, तिथे तुम्ही स्वतः उभे राहा. घरात, दुकानात, आजाऱ्याच्या उशाशी. रविवारी इथे गाणं सोपं असतं." बाईंचं नाव त्यांनी घेतलं नाही. बाई खाली मान घालून माझ्या पट्ट्या पुसत राहिल्या. मित्रांनो, माझं कौतुक झालं ते एवढंच, तेही माझ्या मुकेपणाचं.

आता वाईट भाग सांगते.

महिन्यातून एकदा प्रभूच्या आठवणीत भाकरी वाटून खायची, त्या प्रभुभोजनानंतर ताटात भाकरीचा चुरा उरायचा. तो फेकायचा नाही, पायदळी जाऊ द्यायचा नाही, आवारातल्या झाडाच्या मुळाशी पुरायचा, असा इथला रिवाज होता. हे काम किल्लीभाऊंचं. त्यांचे गुडघे धरले तेव्हा पायऱ्या उतरून झाडापर्यंत जाणं त्यांना जमेना. दुसऱ्या कुणाला सांगावं तर आपली सेवा सुटेल, ही धास्ती. तेव्हा त्यांनी माझी मागची फळी उघडली आणि चुऱ्याची कागदी पुडी आत ठेवली. "तुझ्यात देवाचं गाणं राहतं," ते मला म्हणाले, "देवाचे तुकडेही राहू देत." दर महिन्याला एक पुडी. त्या माणसाच्या मनात पाप नव्हतं हे मी शपथेवर सांगेन.

उंदरांच्या मनातही पाप नव्हतं. त्यांना भूक होती. पुड्या संपल्यावर त्यांनी माझा भाता कुरतडला.

एका शनिवारी बाई सरावाला बसल्या तर भाता भरेचना. त्यांनी मागची फळी काढली. आत उंदराचं घरटं होतं, पुड्यांचे कागद होते, माझ्याच कातड्याच्या चिंध्या होत्या. किल्लीभाऊ दाराशी उभे होते. त्यांचा जुडगासुद्धा वाजत नव्हता.

"भाऊजी, हे तुम्ही ठेवलं?"

"गुडघे, वहिनी..."

"मला सांगायचं होतं. मी पुरला असता चुरा."

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, भाऊजी आता निकामी झाले."

बाईंनी कातड्याच्या चिंध्या गोळा करून पदरात घेतल्या. मग म्हणाल्या, "रडू नका. कुणाला सांगू नका. पुढच्या महिन्यात पाळकसाहेब निवृत्त होतायत. त्यांचा शेवटचा उपदेश पेटीशिवाय होणार नाही. मी करते काहीतरी."

आणि त्यांनी त्यांना जे येत होतं ते केलं. घरून जाड मेणकापड आणलं, दाभणासारखी सुई आणली, राळ लावलेला दोरा आणला. माझ्यापाशी जमिनीवर बसून तीन दुपारी त्या माझा भाता शिवत होत्या. मी आतल्या आत ओरडत होते. अहो बाई, सुई नका लावू, चिकटवा. पण माझा आवाज त्यांच्याच पायांत होता आणि त्यांचे पाय तेव्हा मांडी घालून बसले होते. प्रत्येक टाक्याला एक भोक पडत होतं. आणि काम देवाचं होतं, म्हणून त्यांनी टिपेच्या शेजारून दुसरी टीप मारली.

शिवणीवर मेण चोळल्यावर तीन रविवार मी कशीबशी वाजले. त्या दुप्पट वेगाने पाय मारत होत्या, घामाघूम होत होत्या. मग तो शेवटचा उपदेश आला. मंदिर भरलेलं होतं. पाळकसाहेबांनी 'दे रे मना, सारे दे' गायलं, अर्थ सांगितला आणि डावा हात उचलला. बाईंनी पॅडल दाबलं. माझा भाता त्या दोन टिपांच्या रेषेवर, कागद घडीवर फाटावा तसा, सरळ उभा फाटला.

पाळकसाहेबांचा हात वरच राहिला. बाईंनी गळ्याने सूर भरायचा प्रयत्न केला. एक सूर गळ्याने भरता येतो, मित्रांनो. सगळे सूर भरता येत नाहीत. दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज चिरकला आणि खोकला लागला. पाळकसाहेब एकटेच गात राहिले, पण त्यांचं वय झालं होतं, ओळ खाली खाली उतरत गेली. उपासना वेळेआधी संपली.

नव्या पाळकांनी विजेवर चालणारं वाद्य आणलं. चांगले आहेत ते, वाईट बोलणार नाही. त्यांनी बाईंना आदराने त्या वाद्यापुढे बसवलं. बाईंची बोटं चालली. पण मधेच त्या थांबल्या आणि खाली बघून म्हणाल्या, "साहेब, आणि पाय कुठे ठेवू?"

"पायांचं काम नाही ह्यात, बाई. आरामात बसा."

त्या उठल्या त्या पुन्हा त्या वाद्यावर बसल्या नाहीत.

मला इथे आणलं तेव्हा त्या काही महिने बुधवारी दुपारी येत होत्या. पडदा बाजूला करायचा, बसायचं आणि पाय मारायचे. ओठ हलायचे, आवाज ना त्यांचा ना माझा. फाटलेल्या शिवणीच्या भोकांतून वारा सूं सूं करत निघून जायचा. एकदा त्यांनी हात माझ्या मागे घालून त्या भोकांवर तळवा धरला. त्यांच्याच टाक्यांतून निघालेला वारा त्यांच्याच हाताला लागत होता. तेव्हा कुठे त्यांना उमगलं, असं मला वाटतं. त्या म्हणाल्या, "चिकटवायला हवं होतं गं तुला." मग तिथेच टेकून बसून राहिल्या.

नंतर त्यांच्या पायांना सूज आली. बुधवार आले आणि गेले. एके दिवशी किल्लीभाऊ शिडी ठेवायला आले. त्यांनी ती माझ्यावर आडवी टाकली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, माझ्या लाकडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "वहिनींना काल माती दिली. पाळकसाहेब आता इथे असते तर गायले असते." किल्ल्या वाजत दूर गेल्या.

वारा वरपर्यंत पोचतो असं मला तेव्हा वाटायचं. पोचत असेल. इथे पडद्यांखाली मला त्याचा काही निरोप आलेला नाही.

मित्रांनो, एवढंच मागते. देवाला सगळं द्या, मागे काही ठेवू नका. पण ज्याच्यावर जीव लावता, त्याची मागची फळी अधूनमधून उघडून बघा. ते कशाने जोडलं आहे, त्याला काय सोसत नाही, हे आधी विचारा. ज्यांना बोलता येतं त्यांना तरी विचारा. किल्लीभाऊंना त्यांच्या गुडघ्यांबद्दल कुणी वेळेवर विचारलं असतं, तर मी आज वाजत असते. आणि कुणी शिडी न्यायला आलात, तर एकदा माझं पॅडल दाबून बघा. सूर निघणार नाही. पण मागे हात धरलात, तर दोन ओळींत, अगदी सरळ, वारा लागेल.