पाय आधी गार पडतात

विनी गेटहाउसला नसत्या चौकशा करायची भारी हौस. लिटल थ्रॉप गावात कोणाच्या चुलीवर काय शिजतंय आणि ते करपलं का, हे तिला घरबसल्या कळायचं. त्यामुळे लंडनचे सिनेमावाले गावात उतरले तेव्हा 'गर्दीच्या दृश्यात उभ्या राहायला बघ्या बायका हव्यात' असं ऐकून पहिल्यांदा तीच जाऊन उभी राहिली. बघ्याचं काम तर ती जन्मभर फुकट करत आली होती.

सिनेमा होता खुनांचा, पण हसवणारा. गावातली एक गोड म्हातारी चहात विष घालून एकेकाला वाटेला लावते, अशी गोष्ट. त्या दिवशी नट चहा प्यायला, त्याने घसा धरला, डोळे फिरवले आणि टेबलासकट आडवा झाला. दिग्दर्शक खूश झाला.

"असं नाही हो होत," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. सिनेमावाल्यांसाठी सॅंडविचचा ट्रे घेऊन मॉड पेलिंग उभी होती. मॉड दोनदा विधवा झालेली, आणि आता विनीच्या भावाशी, सिरिलशी, तिचं लग्न ठरलं होतं. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारून कोणाची हरकत आहे का विचारतात; त्यातले दोन पुकार झाले होते, तिसरा उद्या होता.

"कसं होतं मग, बाई?" दिग्दर्शकाने हसत विचारलं.

"घसाबिसा नाही धरत कोणी. आधी म्हणतो, पाय गार पडलेत. मग म्हणतो, दार लाव, वारा येतोय. दार लावलेलंच असतं हो! आणि मग बसल्या जागी गप्प. कपसुद्धा फुटत नाही."

सगळे खो खो हसले. विनी मात्र हसली नाही. पहिला नवरा हॅरॉल्ड गेला तेव्हा मॉड लडलो गावी बहिणीकडे होती. दुसरा, एडविन, गेला तेव्हाही लडलोलाच. संध्याकाळच्या बसने परत येऊन बघते तर नवरा खुर्चीत थंड, असं दोन्ही वेळा तिनेच रडत रडत सांगितलं होतं, आणि तिचा हात धरून बसली होती ती विनीच. मग दार लाव म्हणताना ऐकलं कोणी?

चहानंतर मॉडबरोबर कप विसळताना विनीला राहवलं नाही.

"मॉड, एडविनचेही पाय गार पडले होते का गं?"

"छे, एडविनचं ते दार. पाय हॅरॉल्डचे." मॉडचं फडकं क्षणभर कपावरच थांबलं. "म्हणजे, तसंच असणार की. सॅंडविच घेतेस?"

"नको गं, पोट भरलंय," विनी म्हणाली. सॅंडविचला नाही म्हणायची तिची ही पहिलीच वेळ.

घरी सिरिल अंड्यावर चमचा आपटत बसला होता.

"आजही घट्टच," तो म्हणाला.

"सिरिल, हे लग्न करू नकोस. तिने दोन्ही नवरे मारलेत."

सिरिल हसून हसून लाल झाला. "पोटात दुखतंय होय तुझ्या! मी गेलो की तुला विचारणार कोण? आणि ऐक, मॉडला निदान अंडं उकडता येतं."

विनीने अंड्याची टरफलं गोळा केली. याच माणसाच्या शर्टांना इस्त्री कोण करणार, म्हणून तिने एकेकाळी शेजारच्या क्लन गावच्या घड्याळजीला नकार दिला होता. घड्याळजी सभ्य होता बिचारा. दुसऱ्या खेपेला त्याने विचारलंच नाही.

तरी भाऊ तो भाऊ. रविवारी चर्चला निघताना तिने मनाशी पक्कं केलं होतं की आज बोलायचंच, मग गाव काय म्हणायचं ते म्हणो.

पाद्रीसाहेबांनी नावं वाचली. "या लग्नाला हरकत घेण्याजोगं कारण कोणाला ठाऊक असेल, तर त्याने ते आत्ताच सांगावं."

विनी उभी राहिली. बाक करकरला. माना वळल्या. पुढच्या रांगेत मॉडच्या टोपीवरची चेरी हलायची थांबली. विनीने तोंड उघडलं.

तेवढ्यात मॉडशेजारी बसलेला सिरिल वळला आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा कुजबुजला, "विने, ओव्हन बारीक करून आलीस ना? मागच्यासारखा मटणाचा कोळसा करशील. बस खाली!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. विनीने भावाकडे पाहिलं, अगदी नीट पाहिलं.

"विनीबाई, काही सांगायचं होतं का?" पाद्रीसाहेबांनी हळूच विचारलं.

"नाही हो. प्रार्थनेला गुडघे टेकायची उशी सरकली होती." आणि ती खाली बसली.

आता आपल्याला लाज वाटेल, असं समजून विनी प्रार्थना संपेपर्यंत वाट पाहत राहिली. लाज काही आली नाही. उलट फार हलकं वाटत होतं, आणि त्याचीच तिला जरा भीती वाटली.

लग्नाच्या दिवशी तिने सगळ्यांदेखत सिरिलच्या हातात एक पुडकं ठेवलं. आत जाड लोकरीचे, तिने स्वतः विणलेले मोजे.

"ऐन उन्हाळ्यात मोजे?" सिरिल म्हणाला. "अक्कल गहाण टाकलीस की काय?"

"असू देत. पाय गार पडतात."

शेजारी केक कापणारी मॉडची सुरी थांबली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मॉडने पहिला तुकडा उचलला, त्यातला एक घास आधी स्वतः खाल्ला आणि उरलेला विनीच्या हातात दिला.