डावीकडचा बाक

"हे नको. पायऱ्या दिसताहेत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोनवरचा फोटो अंगठ्याने पुढे सरकवला.

"कुठे पायऱ्या? सावली आहे ती."

"सावलीला कठडा असतो होय?"

मशीनमनांनी फोन घेतला, नाकाशी नेला, मग हात ताठ करून लांब धरला. "कठडा आहे खरा," असं म्हणून त्यांनी तो परत दिला आणि खुर्चीत मागे टेकून दम घेतला. श्रम काय, तर फोन उचलून परत देण्याचे.

छापखाना बंद पडून एक जमाना झाला, पण आळीत त्यांना अजून मशीनमनच म्हणत आणि त्यांच्या बायकोला बाइंडिंगच्या बाई. दोघांनी आपापल्या अंगात ताकद होती तोवर तिथेच काम केलं. हे यंत्रावर, त्या पलीकडच्या लांब टेबलाशी. आता परदेशात असलेल्या मुलीने, चिमणीने, दोघांना बोलावलं होतं. शहर नको, तीन दिवस खेडोपाडी हिंडू, जावई गाडी चालवेल, तुम्ही फक्त तीन जागा निवडा, असं तिचं म्हणणं. तिने सकाळीच फोटो पाठवले होते आणि खोल्या आजच सांगायच्या म्हणून दुपारी फोन करणार होती.

निवडा म्हणणं सोपं. बाईंनी उभ्या आयुष्यात भाजी सोडून काही निवडलं नव्हतं. आणि हिवाळ्यापासून मशीनमनांच्या छातीने असा काही दगा दिला होता की रात्री तीन उशा पाठीशी घेऊन ते बसल्या बसल्याच झोपत. डॉक्टरांनी विमानाला हो म्हटलं होतं, पण बाईंकडे बघून बजावलं होतं, "उंचावर नको. चढ तर मुळीच नको. यांचं ऐकू नका, माझं ऐका." तेव्हापासून बाई जगाकडे एकाच नजरेने बघत होत्या, ते सपाट आहे की नाही.

"हे बघ, घंटाघराचं गाव," मशीनमन म्हणाले. "छान आहे."

"घंटा बघायला वर चढावं लागतं."

"खालून ऐकू."

"ती तर आपल्या शाळेचीही ऐकू येते."

"मग हे. द्राक्षांचे मळे."

"मळे डोंगरावर आहेत."

"तुला काय, टेबल हवंय का हिंडायला? गुळगुळीत, चार पायांचं?"

"मिळालं तर बरंच," बाई म्हणाल्या. त्यांचे स्वतःचे गुडघेही काही कौतुकाचे राहिले नव्हते. रात्र रात्र मशीनमनांच्या श्वासाकडे कान लावून त्यांना स्वतःला एक असा शीण आला होता की तो झोपून जात नसे. खरं विचाराल तर त्यांना कुठेच जायचं नव्हतं. एकाच ठिकाणी जायचं होतं, आणि ते कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते ठिकाण स्वयंपाकघरात टांगलेलं होतं. जुन्या कॅलेंडरचं चित्र. खालच्या तारखा बाईंनी केव्हाच कापून टाकल्या होत्या. दगडी पूल, त्याच्या तीन कमानींपैकी एक खुजी. काठावर बुंध्यातून दुभंगलेलं झाड. आणि डावीकडे, झाडाखाली, एक लाकडी बाक. बाकाच्या एका टोकाला कोट घातलेला एक म्हातारा गुडघ्यावर हात ठेवून बसलेला. उरलेला बाक मोकळा. मागे इतकं हिरवं गवत की फोडणीच्या धुराने इतकी वर्षं प्रयत्न करूनही ते पुरतं काळवंडलं नव्हतं.

ते चित्र त्या दोघांनीच तयार केलेलं. म्हणजे छापलं मशीनमनांनी, आणि वर पत्र्याची पट्टी ठोकली बाईंनी. तेव्हा त्या कुणाच्या बाई नव्हत्या. दोन वेण्यांची, टेबलाच्या टोकाला बसणारी, सगळ्यांत नवी मुलगी होत्या. दिवसभर तेच चित्र हाताखालून जायचं. एका दुपारी त्यांचा हात थांबला. त्या एक कागद घेऊन उठल्या आणि थेट यंत्रापाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथे बाइंडिंगच्या बायका कधी जात नसत.

"तुमचा हा साहेब बायकोचा कोट घालून बसलाय," त्या म्हणाल्या.

यंत्राच्या आवाजात त्यांना दोनदा ओरडून सांगावं लागलं. आई शिवणकाम करायची, त्यामुळे पुरुषाची बटणं कुठल्या बाजूला आणि बाईची कुठल्या, हे त्यांच्या बोटांनाच ठाऊक होतं. मशीनमनांनी कागद पाहिला, यंत्र बंद केलं आणि कपाळाला हात लावला, तो शाईचा हात. प्लेट करणाऱ्याने फिल्म उलटी ठेवली होती. नुसती बटणंच नाहीत. पूल, झाड, बाक, सगळं आरशातल्यासारखं डावीकडचं उजवीकडे आणि उजवीकडचं डावीकडे झालं होतं. छपाई तर संपत आलेली. मालक आले, त्यांनी चष्मा लावून पाहिलं. चित्रात अक्षर नाही, घड्याळ नाही, कुणाला कळतंय, असं म्हणून निघून गेले. आणि कुणाला कळलंही नाही. ते उलटं खेडं वर्षभर घराघरांत, दुकानांत, न्हाव्याच्या आरशाशेजारी लटकलं.

"कळलं एकीलाच," मशीनमन पुढे लग्नातसुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

त्या दुपारनंतर ते काही ना काही निमित्ताने बाइंडिंगच्या टेबलाशी येऊ लागले. कधी कागद ओला आहे का बघायला, कधी कात्री मागायला. यंत्रावरच्या माणसाला कात्री कशाला लागते, असं बायका विचारायच्या आणि खो खो हसायच्या. पहिल्यांदा दोघं बाहेर चहा प्यायला गेली तेव्हा ते म्हणाले होते, "एकदा जाऊन बसू त्या बाकावर. त्या म्हाताऱ्याला म्हणू, सरक जरा."

"पण आहे कुठे ते?"

"असेल कुठेतरी. इतकं गवत कुणी खोटं उगवत नाही."

मग घर आलं, चिमणी आली, सासूबाईंचं आजारपण आलं, छापखान्याला कुलूप लागलं. बाकाचं बोलणं अधूनमधून निघायचं, भांडण मिटताना किंवा दिवे गेल्यावर. नंतर तेही निघेनासं झालं. चित्र मात्र घर बदललं तेव्हा भांड्यांच्या आधी बाहेर पडलं आणि भांड्यांच्या आधी टांगलं गेलं.

फोन वाजला. पडद्यावर चिमणीचं अर्धं कपाळ आणि मागे जावयाचा कान दिसला.

"काय ठरलं? आई, फोन खाली धर, मला छत दिसतंय."

"ठरतंय," बाई म्हणाल्या. "ते तळ्याचं गाव बरं वाटतंय. सपाट आहे."

"आणि दुसरं? तिसरं?"

"तेच."

"तिन्ही दिवस एकाच ठिकाणी? अगं कंटाळाल!"

"कंटाळायलाच तर यायचंय, बाळा. इथे वेळ कुठे मिळतो?"

मशीनमन हसले आणि हसण्याचा खोकला झाला. बाईंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.  खोकला थांबल्यावर चिमणी म्हणाली, "बरं, ऐका. तुमच्या त्या कॅलेंडरातलं ठिकाण आहे ना, तसलंच एक यांच्या ऑफिसातल्या बाईने दाखवलं. तिचं आजोळ आहे तिकडे. मी आत्ता पाठवते फोटो. तेच असलं तर काय मज्जा! फक्त एक आहे, गाडी खाली ठेवावी लागते. वर अर्धा तास चालत. चढ आहे, पण बाबा हळूहळू येतील. येतील ना बाबा?"

"न यायला काय झालं?" मशीनमन म्हणाले, आणि खुर्चीत चक्क ताठ बसले. "थांब, माझा वाचायचा चष्मा आणतो."

ते उठून आतल्या खोलीत गेले. तेवढ्यात फोटो आला.

बाईंनी पाहिलं आणि त्यांच्या हातातला फोन जड झाला. तीन कमानी, एक खुजी. दुभंगलेलं झाड, आता अर्धं वाळलेलं. गवत अगदी तसंच, म्हणजे मालकांनी शाई जास्त घालायला लावली असं जे मशीनमन नेहमी म्हणत ते खोटं होतं. बाक नवा असेल, पण होता तिथेच. फक्त सगळं दुसऱ्या बाजूला. बाक उजवीकडे. खऱ्या जगात तो पहिल्यापासून उजवीकडेच होता. आणि त्यावर कुणीच बसलेलं नव्हतं.

आतून खण उघडल्याचा आवाज आला. बाईंच्या मनात आलं, म्हणावं, अहो, सापडलं. एवढे दोनच शब्द. ते पोरासारखे धावत येतील. मग तो चढ त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मशीनमन त्या चढावर मध्येच थांबले आहेत, झाड बघतोय असं दाखवताहेत, ओठ निळसर झाले आहेत, आणि तरी म्हणताहेत, चल, थोडंच राहिलंय. कारण ते म्हणणारच. बायकोसाठी म्हणणार. दोघं वर जातील, आणि खाली उतरताना कोण कोणाबरोबर असेल, हे कुणी सांगावं?

मशीनमन चष्मा लावत आले. येताना स्वयंपाकघरातलं चित्रही काढून आणलं होतं. "बघू, बघू. हेच ना गं ते?"

"ते नाही," बाई म्हणाल्या.

"अगं, कमान बघ ना."

"पूल म्हटला की कमानी असतातच. आपला बाक डावीकडे आहे. हा उजवीकडे."

त्यांनी हे अगदी सरळ आवाजात म्हटलं. मशीनमन अलीकडे बरंच विसरत. गोळी घेतली की नाही, गॅस बंद केला की नाही, शेजाऱ्यांच्या नातवाचं नाव. ज्या एका गोष्टीचा त्यांना कधी विसर पडू नये असं बाईंना जन्मभर वाटत आलं होतं, नेमकी तीच आज ते विसरलेले असू देत, असं त्या मनात म्हणत होत्या.

मशीनमनांनी चित्र मांडीवर ठेवलं. शेजारी फोन धरला. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. बराच वेळ. बाईंना त्यांच्या श्वासातली ती बारीक शिट्टी ऐकू येत होती.

"बाक उजवीकडे आहे खरा," ते शेवटी म्हणाले.

"मग?"

"नक्की म्हणतेस? ते नाही?"

"इतकी वर्षं चुलीपाशी उभं राहून कोण बघतंय ते चित्र? तुम्ही की मी?"

"तूच," मशीनमन म्हणाले. त्यांनी चष्मा काढून घडी केली. "नसेल मग ते. चिमणे, तळ्याचं गाव सांग. तिन्ही दिवस. तुझी आई म्हणते तर तेच."

"बाबा, खरंच? आई, नीट बघितलंस ना?"

"बघितलं गं," बाई म्हणाल्या. "तळ्याकाठी बाक आहेत का तेवढं विचार."

चिमणीने विचारते म्हटलं आणि फोन ठेवला. मशीनमन उठले आणि चित्र पुन्हा खिळ्याला अडकवून आले. तिरकं लागलं होतं. बाई सरळ करायला गेल्या नाहीत.

संध्याकाळी गार वारा सुटला. बाईंनी चहा केला, दोन कप घेतले आणि गॅलरीत आल्या. मशीनमन तिथल्या लांब फळीवर, अगदी टोकाला बसले होते, गुडघ्यावर हात ठेवून, समोर बघत. अंगात बाईंचा करड्या लोकरीचा, पुढून बटणांचा स्वेटर होता. त्यांचा स्वतःचा स्वेटर तर हाताशी, खुर्चीच्या पाठीवर लटकत होता.

"हा माझा आहे," बाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे."

"बायकांचा आहे तो. बटणं बघा कुठल्या बाजूला आहेत."

"ठाऊक आहे गं," मशीनमन म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. "आपल्याकडे ती तशीच असतात."

बाई कप हातात धरून उभ्या राहिल्या. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"सरकू का?" मशीनमनांनी विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या. "आहे जागा."

त्यांनी कप फळीवर ठेवले आणि त्या त्यांच्याजवळ बसल्या. वरचं एक बटण मशीनमनांना लावता आलं नव्हतं; त्यांच्या हातांना ती बाजू सवयीची नव्हती. बाईंनी ते लावलं, आणि हात तिथेच, शिट्टी वाजत होती त्या जागेवर, थोडा वेळ राहू दिला. चहा निवत होता. दोघांनाही कुठे जायची घाई नव्हती.