बारा फोन, चौदा दिवस

"भीखाभाई, जरा फोन बतावशो?" पप्पांनी गुजरातीत विचारलं तेव्हा भीखाभाई घोटाभर पाण्यात उभे होते आणि त्यांच्या दोन्ही हातांना ग्रीस होतं.

कारेलीबागेतल्या एका सोसायटीचं तळघर. वर रविवार सकाळ, खाली पंपरूम. मी माझा फोन वर धरून पाहिला, नेटवर्कची एकही दांडी नाही. भीखाभाई पंपाचे मिस्त्री, पप्पांचे वीस वर्षांपासूनचे गिऱ्हाईक. त्यांनी कोपर खिशाकडे करून मला खूण केली. मी फोन काढला, त्यांनीच सांगितलेला आकडा दाबला, आणि दुसऱ्याच पानावर आमच्या ॲपचं हिरवं चौकोनी चिन्ह दिसलं. उघडलं. वरच्या ओळीत ठळक अक्षरं: दिवस ११.

"आहे!" मी ओरडले. तळघर असल्यामुळे तीनदा ऐकू आलं.

"होय ज ने," भीखाभाई म्हणाले. "फोनमां जग्या ज क्यां हती, उदयभाई? तमारा माटे गरबाना बधा विडियो काढी नाख्या. बैरी हजी बोलती नथी."

पप्पा हसले, हात जोडले. आमच्या ॲपसाठी या माणसाने बायकोचे गरब्याचे व्हिडिओ उडवले होते. पण म्हणजे ॲप गेलं होतं ते भीखाभाईंचं नव्हतं. मग कुणाचं?

आता नीट सांगते, नाहीतर गोंधळ होईल. माझे पप्पा, उदयसिंहराव मोहिते, जळलेल्या मोटरी पुन्हा भरतात. म्हणजे मोटरच्या पोटातली करपलेली तांब्याची तार काढायची आणि नवी तेवढीच, तशीच गुंडाळायची. प्रतापनगरला रेल्वे वर्कशॉपच्या बाजूच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. पणजोबा संस्थानच्या पायदळात होते, त्यांची तलवार काकांकडे गेली. आमच्याकडे आहे ती पप्पांची वही. सत्तावीस वर्षांत हाताखालून गेलेली प्रत्येक प्रकारची मोटर तिच्यात आहे: कंपनी कुठली, किती एचपी, किती स्लॉट (तार बसवायच्या खाचा), कोणत्या गेजची (जाडीची) तार, एकेका स्लॉटात किती वेढे. तार जळून गोळा झाली की जुने वेढे मोजता येत नाहीत. मग सगळे मिस्त्री पप्पांना फोन करतात. पप्पा वहीत बघतात आणि सांगतात.

बघायचे. पप्पांना साखरेचा त्रास आहे. गेल्या दिवाळीत डावा डोळा गेला. उजव्याबद्दल डॉक्टर "बघू" म्हणाले, आणि घरी येताना रिक्षात आई खूप वेळ पर्सची चेन उघडत आणि लावत होती.

म्हणून ॲप! कल्पना माझी. शाळेच्या कॉम्प्युटर क्लबमध्ये मी ॲप बनवायला शिकले होते (वर्गात सगळ्यात आधी, हे सांगायलाच हवं). अख्ख्या मे महिन्यात पप्पा वही नाकाजवळ धरून वाचायचे आणि मी टाइप करायचे. त्यांचं अक्षर मुंगीएवढं, अर्धे आकडे गुजराती. त्यांच्याशिवाय ती वही जगात कुणालाच वाचता येत नाही. एक हजार एकशे चाळीस मोटरी ॲपमध्ये भरल्या आम्ही. नेट नसताना चालेल असं ॲप, कारण पंप असतात तळघरात, विहिरीत, शेतात. दिवस मोजणारी वरची ओळ पण माझीच आयडिया.

भांडण झालं ते नावावरून.

"मोटरची वही," पप्पा म्हणाले.

"काहीही पप्पा! वही शोधलं की शाळेच्या वह्या निघतील. वाइंडमास्टर प्रो!"

"प्रो म्हणजे?"

"प्रो म्हणजे भारी."

"मी कुठे भारी आहे?"

"ॲप भारी. तुम्ही नाही!"

ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "ठेव. तुला कळतं त्यातलं." चिन्हाखाली एवढं नाव मावेना, फोन ते मधेच तोडून 'वाइंडमास्…' एवढंच दाखवायचा. पण हिरव्या रंगात मस्त दिसायचं.

मग कळला नियम. आपण नवे असलो तर ॲप लगेच फोनवरच्या ॲपच्या दुकानात, म्हणजे सगळ्या जगाला दिसेल असं ठेवू देत नाहीत. आधी बारा माणसांनी ते फोनमध्ये सलग चौदा दिवस ठेवायचं. एक जरी गळला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मी चिडले. पप्पा म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. वेढे मोजताना मधेच चुकलं तर आपण काय करतो? अंदाजाने पुढे जात नाही. सोडायचं, आणि एकपासून."

मी म्हटलं, आपण नुसती फाइलच पाठवू सगळ्यांना. पाठवलीही एकाला. फोनने लाल पाटी दाखवली, धोका आहे म्हणून, आणि त्याने घाबरून फोनच बंद केला. शिवाय पप्पांना ते नकोच होतं. "ओळखीचे बारा जण मला विचारतातच गं. ज्याच्याकडे माझा नंबर नाही, तो तिकडे दाहोदच्या विहिरीवर बसलाय, त्याचं काय?"

पहिल्यांदा नऊच टिकले. दुसऱ्यांदा दोघांनी फोन बदलले. तिसऱ्यांदा पप्पा प्रत्येकाकडे स्वतः गेले. "ही शेवटची वेळ. पुन्हा मागणार नाही. चौदा दिवस तेवढी जागा द्या." अडतीस एमबी जागा! पण ते अशा आवाजात म्हणाले, जसं कुणाच्या ओसरीवर पथारी टाकायला परवानगी मागतोय. अकरा मिस्त्री झाले. बारावी मी.

आणि आज सकाळी, अकराव्या दिवशी, त्यांच्या मोजणीच्या पानावर (ते एक-दोन दिवस मागेच असतं) आलं: बारापैकी अकरा.

"चुकून गेलं असेल कुणाचं तरी," पप्पा चप्पल घालत म्हणाले. "लगेच परत टाकलं तर धरतीलही. चल."

कारेलीबागेतून आम्ही शटल, म्हणजे शेअर रिक्षाने निघालो, कारण पप्पांना आता स्कूटर चालवता येत नाही. मी बडबडतच होते. मी यंदा शाळेची सांस्कृतिक मंत्री झाले आहे. गेल्या वर्षीपर्यंत प्रार्थनेला पुढे बोलावलं तरी मी मागच्या रांगेत लपायचे, आणि आता चाळीस मुलींना नाचवते! शुक्रवारची तालीम मी स्वतः शूट केली, तर त्या व्हिडिओला शाळेच्या पानावर... पप्पा "हं, हं" करत होते. पुढची मोटर मनात असली की ते असं हं करतात.

घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीत इस्माइलभाईंचं पंख्यांचं दुकान आहे. त्यांना ॲप सापडेना. "केवी देखाय छे, बेटा? रंग केवो?"

"थांबा चाचा, माझं दाखवते," मी म्हणाले आणि फोन उघडला.

नव्हतं.

पहिलं पान, दुसरं पान, तिसरं. शोधून पाहिलं. नव्हतंच.

"आ तो नथी?" इस्माइलभाईंनी तेवढ्यात स्वतःचा फोन पुढे केला. हिरवं चौकोनी चिन्ह. दिवस ११. पप्पांनी हुश्श केलं. मी माझा फोन उलटा करून फ्रॉकवर दाबून धरला, जसं काही तो बोलणार होता.

शुक्रवार. तालीम. नाच ऐन रंगात आला आणि फोनने सांगितलं, जागा शिल्लक नाही. चाळीस मुली हात वर करून उभ्या. मी "एक मिनिट, एक मिनिट!" करत यादी उघडली. माझ्या फोनमध्ये कायम कचरा असतो, फोन साफ करतो म्हणणारी, वेग वाढवतो म्हणणारी ॲपं. यादीत नावं पूर्ण दिसतात, आणि सगळ्यांची सारखीच भारी. क्लीनमास्टर प्रो. बूस्टमास्टर प्रो. मी 'मास्टर' दिसेल तिथे खुणा करत गेले. चार खुणा, एक बोट. झाली जागा. व्हिडिओ खरंच सुंदर आला.

त्यात 'मोटरची वही' असं लिहिलेलं असतं ना, तर माझं बोट थांबलं असतं.

पप्पा मडक्यातलं पाणी पीत होते तेवढ्यात मी पायरीवर उभी राहून ॲप परत टाकलं. उघडलं. वरच्या ओळीत, माझ्याच आयडियेच्या ओळीत, ठळक आलं: दिवस १.

सांगायला हवं होतं. तिथेच, त्या पायरीवर. मी तोंड उघडलंसुद्धा. "पप्पा," म्हणाले. ते वळले, उजवा डोळा बारीक करून माझ्याकडे बघायला लागले, आणि मी म्हणाले, "टोपी घाला ना. ऊन आहे."

त्यांनी टोपी घातली.

त्यानंतर आम्ही आठ ठिकाणी गेलो. वर्णन करत नाही. प्रत्येक ठिकाणी पप्पा आधी धंद्याचं विचारायचे, मग मुलाबाळांचं, आणि मग ओशाळून, "जरा फोन." प्रत्येक ठिकाणी दिवस ११. एकाने त्यासाठी मुलाचा गेम काढला होता, आणि मुलगा माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघत होता. पप्पा मनातल्या मनात मोजत होते, ते मला त्यांच्या बोटांवरून कळत होतं. पाच. सहा. नऊ. दहा. दहाव्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं असं नाही, पण ते "हं, हं" बंद झालं, कारण मीच काही बोलत नव्हते.

अकरावे मल्हारराव. रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, पप्पांना लहानपणापासून ओळखणारे. दिवस ११.

"मग उदय, गेलं कुणाचं?" मल्हाररावांनी विचारलं. "अकरा तर झाले म्हणतोस."

पप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माझ्याच फोनमधून गेलं असेल. जुना आहे."

त्यांचा फोन त्या बारा फोनांत नव्हताच. हे मल्हाररावांना माहीत नव्हतं. मला होतं.

"मग काय झालं? परत मोजू चौदा दिवस. मी कुठे चाललोय?"

"नाही काका. शेवटचं म्हणून मागितलं होतं."

"अरे, बोलण्यात म्हणतो माणूस!"

"मी बोलण्यात नव्हतो म्हणालो." मग ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "काढून टाका तुम्ही. जागा मोकळी होईल. आभारी आहे."

आणि तिथेच, मल्हाररावांच्या ओट्यावर बसून, त्यांनी एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. नंबर मी लावून देत होते. "इस्माइलभाई, काढी नाखजो हवे. ना ना, कंई थयुं नथी. जग्या आपी, बहु आभार." पुन्हा पुढचा. तेच शब्द, तसंच हसू. दहापैकी नऊ जण लागले. भीखाभाईंचा लागला नाही, ते अजून तळघरातच असणार.

"पप्पा, आपण परत..." मी रस्त्यात म्हणाले. "मी दुसरे बारा शोधते. आमच्या वर्गातले. चाळीस मुली आहेत!"

"त्यांना जागा लागते बेटा," पप्पा म्हणाले.

दुकान उघडलं तेव्हा पाच वाजले होते. आत वार्निशचा वास. बाकड्यावर कालची एक मोटर रिकामी पडली होती. पप्पांनी हात पुढे केला. "तुझा फोन आण. तुझ्यातलंही काढू. तुलापण लागत असेल."

मी दिला. त्यांनी तो उजव्या डोळ्याजवळ नेला, मग दूर नेला, मग दाराच्या उजेडात धरला. ॲप त्यांनी उघडलं, ते चिन्ह रंगावरून ओळखतात. पण अक्षरं काही दिसेनात.

"वरती काय लिहिलंय? वाच जरा."

बाहेर रस्त्यावरून सायकली चालल्या होत्या. मी त्या मोजल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

"अकरा," मी म्हणाले. "दिवस अकरा."

"हं," पप्पा म्हणाले, आणि फोन मला परत दिला. काढलं नाही त्यांनी. काढ असंही म्हणाले नाहीत.

मग ते वाइंडिंगच्या यंत्रापाशी बसले. हाताने फिरवायचं यंत्र. एका बाजूला दांडा, दुसऱ्या बाजूला छोटी तबकडी, किती वेढे झाले ते दाखवणारी. तबकडी त्यांना दिवाळीपासून दिसत नाही. आठ महिने रोज शाळा सुटल्यावर मी शेजारी बसते आणि आकडे वाचते. ते दांडा फिरवतात, विचारतात, मी सांगते, ते तार तोडतात. एकदाही चूक झाली नाही. मी त्यांचा डोळा आहे असं ते गिऱ्हाइकांना सांगतात, आणि मी शाळेत निबंधातसुद्धा ते लिहिलं होतं.

त्यांनी तबकडी शून्यावर आणली. तार लावली. अठ्ठेचाळीस वेढ्यांचं काम होतं. दांडा फिरायला लागला, कुर्र कुर्र, सावकाश. मी डोळे फाडून तबकडीकडे बघत होते. पापणीसुद्धा हलवली नाही.

"किती झाले?"

"चाळीस," मी म्हणाले. चाळीसच होते. खरंच चाळीस होते.

पप्पांनी दांडा थांबवला. तार तोडायला अजून आठ वेढे होते. त्यांनी डावा हात वर आणला, अंगठ्याचं नख तारेच्या पहिल्या वेढ्यावर ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता, ओठांतल्या ओठांत, एकेक वेढा चाचपत मोजायला लागले.

"एक... दोन... तीन..."